खीळ आणि पेटी

दुकानातल्या मुलीने विचारलं, "आजी, ओपन का क्लोज?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिने दोन चेन काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि जरा मोठ्याने सांगितलं, "ही खालून उघडते, ही खालून बंद. कशाला लावायची आहे?"

"गाऊनला. समोरून."

"मग पूर्ण उघडणारा का डोक्यातून घालायचा?"

प्रश्न साधा होता. घरून निघताना माझ्या भाचीने, शकूने, मला उत्तरही सांगून ठेवलं होतं. पण मी "थांब गं जरा, येते" म्हणून बाहेर आले आणि शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मेन रोडवर सकाळची गर्दी होती. समोरून गंगेवरच्या बाजाराची पालेभाजी घेऊन बायका चालल्या होत्या, मेथीचा वास येत होता. त्या मुलीने एका दमात विचारलेला प्रश्न आमच्या घरात पन्नास वर्षांपूर्वी कुणालाच विचारता आला नव्हता. कुणी विचारला असता तर काय झालं असतं, हे मी इतक्या वेळा मनात करून पाहिलं आहे की आता त्याच्या घड्या विरल्या आहेत.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिवणाचं दुकान भद्रकालीच्या बाजूला होतं. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या. मागच्या अंगाला तांबट आळी. दिवसभर घागरींवर हातोड्या पडत, आणि तो आवाज इतका सवयीचा झाला होता की अमावास्येला आळी बंद असली की आम्हाला कानांना दडे बसल्यासारखं वाटे. त्या ठोक्यांत आमची दोन मशिनं मिसळत. अण्णांचं मशीन एका चालीने जाई. इस्माईलचाचांचं थांबत, विचार करत, मग एकदम पळत जाई. वर अभ्यास करताना कुणाचा पाय चालू आहे ते मला डोळे मिटून सांगता येत असे.

इस्माईलचाचा मालेगावचे. त्यांचं घराणं विणकरांचं होतं. माग सोडून ते कात्रीकडे का वळले ते मला कधी कळलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "बाप कपडा बनवायचा, मी कापतो. वर गेल्यावर दोघांचा झगडा होणारच आहे, आत्तापासून कशाला?" अण्णांपेक्षा ते वयाने मोठे होते, पण त्यांना अण्णाच म्हणत.

त्या दुकानाचा वास अजून मला कधी कधी अवचित येतो. कोळशाच्या इस्त्रीखाली ओलं कापड चरचरतं त्याचा, मशीनच्या तेलाचा, निळ्या खडूचा, आणि शनिवारी त्या सगळ्यांवर चढलेला देवळालीच्या कॅम्पाचा. शनिवारी अण्णा सायकलला गाठोडं बांधून कॅम्पात जात आणि मडमांचे कपडे घेऊन येत. त्या गाठोड्याला लव्हेंडर, कापूर आणि कुत्र्याचा असा मिळून एक वास असे. इस्माईलचाचा गाठोडं सोडण्याआधी नाक लावून सांगत, "आज कर्नलीणबाईचं काम आलंय. कुत्रं मोठं आहे."

सदतीस-अडतीस साल असावं. त्या दिवाळीला आक्का, माझी थोरली बहीण, माहेरपणाला आली आणि परत गेली नाही.

तिची बोटं धरली होती. मनगटं, बोटांचे सांधे, नंतर खांदेसुद्धा. तिचं वय तेवीस होतं. सकाळी उठली की मुठी अर्धवट मिटलेल्या असत आणि उन्हं वर येईपर्यंत उघडत नसत. मी निरगुडीचा पाला आणायची, तो तव्यावर गरम करून फडक्यात बांधायची आणि तिच्या हातांवर शेक द्यायची. निरगुडीचा तो कडसर, हिरवा, जरासा करपलेला वास म्हणजे माझ्यासाठी तो सगळा हिवाळा आहे. आई तेव्हा नव्हती, तिला जाऊन चार वर्षं झाली होती. त्यामुळे जे काही करायचं ते मी शाळेत जाण्याआधी करत असे.

आक्काची तीन वर्षांची मुलगी शकू सिन्नरला सासरीच होती. सासूने निरोप धाडला होता, आणि निरोप आणणाऱ्या माणसाने तो खाली दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, जसाच्या तसा सांगितला होता. "एक लेकरू आहे नेसवायला, दुसरं नको. स्वतःचं स्वतः करायला लागली की पाठवा." जावई संक्रांतीनंतर येऊन बघणार होते. शकूला घेऊन येणार होते. जमत असेल तर आक्काला घेऊन जाणार होते.

तेव्हापासून आक्काने एकेक गोष्ट परत मिळवायला घेतली. लुगडं नेसायला तिने स्वतःची रीत काढली. भिंतीला कंबर टेकवून, तळहातांच्या कडांनी निऱ्या धरून, हनुवटीखाली पदर दाबून ती नेसत असे. अर्धा तास लागे, पण नेसत असे. तांब्या ती दोन मनगटांत धरी. भाकरी थापायची तर तिची भाकरी पूर्वीपेक्षा गोल होऊ लागली, कारण बोटं मध्ये येत नव्हती. वेणी मी घालून देत असे. "वेणी कुणीही घालून देतं," ती म्हणायची, "तिला कुणी हसत नाही."

राहिली फक्त पोलक्याची बटणं. पाच होती. "माझे पाच वैरी," ती म्हणे. बटण धरायला दोन बोटांची टोकं एकमेकांना भेटावी लागतात, आणि तिची भेटत नव्हती. रोज सकाळी मी तिची बटणं लावायची. लावताना ती आढ्याकडे बघत राही आणि मी बटणांकडे. तीन महिन्यांत त्या वेळी आम्ही एकमेकींच्या डोळ्यांत एकदाही पाहिलं नाही.

चेन आमच्या घरात आली ती पौषातल्या एका शनिवारी. एका मडमेचा लोकरी घागरा इस्त्रीने जळला होता आणि तिने तो अण्णांना देऊन टाकला होता. कुशीत, बटणं असायची तिथे, दोन कापडी पट्ट्या आणि त्यांवर बारीक पितळी दात होते. अण्णांनी जीभ धरून ती खाली ओढली. तो आवाज ऐकून इस्माईलचाचा मशिनावरून अर्धे उठले.

"फाटलं?"

"नाही."

"मग आवाज कसला?"

अण्णांनी ती परत वर ओढली. पुन्हा तोच आवाज, पण उलटा. शिंप्याच्या कानाला तो आवाज फाटण्याचाच वाटणार. जन्मभर ज्या आवाजाला भ्यायचं, तो ऐकल्यावर कापड जोडलेलं निघावं, ह्याचं त्या दोघांना काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं नाही. दोघं पाळीपाळीने ती वर-खाली ओढत राहिले. मग अण्णा थांबले, जिन्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "ह्याला बोटं लागत नाहीत. जिभेत दोरा ओवला तर मनगटानेसुद्धा ओढता येईल."

इस्माईलचाचांनी जिन्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

कॅम्पातून कपड्यांचे कागदी साचे येत, विलायतेहून मागवलेले. त्या आठवड्यात एका साच्याबरोबर एक पत्रक होतं. त्यावर चेनेचं मोठं चित्र होतं आणि तिच्या एकेका भागापासून रेघ काढून नाव लिहिलेलं होतं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. वर्गात इंग्रजीत माझा पहिला नंबर होता आणि त्याचा मला ताठा होता.

"धाकटे, बघ तुझं इंग्रजी काय म्हणतं," अण्णा म्हणाले. "नाव माहीत असल्याशिवाय मी कशाला सुई लावत नाही."

मी वाचायची आणि अण्णा नाव ठेवायचे. कापडी भागाला पट्टी. दातांना इंग्रजीतही दातच म्हणतात म्हटल्यावर इस्माईलचाचा खूश झाले. "आपल्याकडे दात येतात, जातात. विलायतेत कपड्यालापण कवळी." जो वर-खाली जातो त्याच्या नावाचा अर्थ मी घसरणारा असा सांगितला. ते अण्णांना पटलं नाही. "घसरतो काय? पाय सुटल्यावर घसरतात. हा धावतो. धावता म्हण." पुढे कित्येक वर्षांनी बाजारात सगळे त्याला रनर म्हणू लागले तेव्हा मला अण्णा आठवले. हाताने ओढायची ती जीभ. धावता वरून निसटू नये म्हणून शेवटच्या दातावर बसवलेला तुकडा, तो अडसर. आणि सगळ्यात खाली दोन्ही पट्ट्यांना मिळून घट्ट धरणारा जाड तुकडा होता, त्याला काय म्हणावं ते सुचेना.

"बूड," आक्का जिन्यावरून म्हणाली. ती केव्हा येऊन बसली होती कोण जाणे. "ज्यावर सगळं बसतं ते बूड."

अण्णा हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले. "झालं बारसं," म्हणाले.

पत्रकाच्या मागच्या बाजूला आणखी एक चित्र होतं. मी ते पाहिलं होतं. त्यातली चेन खालून पूर्ण सुटत होती. तिला बूड नव्हतं. एका पट्टीच्या टोकाला एक बारीक दांडी होती आणि दुसऱ्या पट्टीच्या टोकाला ती दांडी बसायची चौकोनी खोबणी. खाली लिहिलं होतं की ही पुरुषांच्या चामडी जाकिटासाठी. मी ते मनातल्या मनात वाचलं आणि पत्रक घडी करून ठेवलं. पुरुषांच्या जाकिटाचं आम्हाला काय करायचं होतं? अण्णांच्या हातात होती तशी चेन पुढच्या बाजूला होती. मी तेवढंच वाचून दाखवलं.

अण्णांनी आक्कासाठी चेनेचं पोलकं आठ दिवस शिवलं. डाळिंबी रंगाचं सुती कापड होतं, आईच्या पेटीतून काढलेलं. घागऱ्यातून चेन उसवताना त्यांनी एकेक टाका ब्लेडने नाही, सुईच्या टोकाने सोडवला. पोलक्याचे दोन पुढे, म्हणजे समोरचे भाग, त्यांनी त्या पट्ट्यांवर असे बसवले की दात दिसू नयेत, नुसती एक सरळ रेघ दिसावी. जिभेत रेशमाचा डाळिंबी गोफ ओवला, मनगट जाईल एवढा.

मग ते पुतळ्यावर चढवलं. कॅम्पातल्या एका मडमेने मायदेशी जाताना दिलेला तो पुतळा होता, लाकडी पायावर उभा, कापडाने मढवलेला. इस्माईलचाचांचा तो लाडका होता. "ह्याच्यासारखं गिऱ्हाईक नाही. माप बदलत नाही, उलटं बोलत नाही." अण्णांनी पोलकं वरून अलगद उतरवलं, गोफ धरला आणि वर ओढला. चेन बुडापासून गळ्यापर्यंत एका दमात गेली. दोघे मागे सरून बघत राहिले. तीस वर्षं शिवणारा माणूस स्वतःच्या कामाकडे जसं बघतो तसं अण्णा बघत होते. मीही बघत होते.

आमच्या पुतळ्याला डोकं नव्हतं आणि हात नव्हते.

ते वर नेलं तेव्हा आक्का आंघोळ करून उन्हात बसली होती. तिने ते दोन मनगटांवर घेतलं, धावता खाली ओढला, शेवटपर्यंत. मग पोलक्याचे दोन पुढे बाजूला करायला गेली. ते बुडाशी अडकले. तिने पुन्हा ओढलं. पोलकं खालून उघडत नव्हतं. घागऱ्यात पाय घालून तो वर ओढतात, त्याचं बूड कशाला उघडायचं? पण पोलक्यात एकेक हात घालतात. अण्णांच्या सगळ्या आयुष्यात समोरून उघडणारं असं एकही पोलकं नव्हतं जे खालून उघडत नव्हतं. त्यामुळे ते उघडेल की नाही हा प्रश्नच त्यांच्या मनात उगवला नव्हता.

"डोक्यातून घालून बघते," आक्का म्हणाली.

ती आत गेली, मी बरोबर गेले. तिचे हात खांद्याच्या उंचीपर्यंत आले आणि थांबले. तिने श्वास घेऊन पुन्हा उचलले. तिथेच थांबले. मी पोलकं धरून तिच्यासमोर उभी होते आणि ते तिच्या डोक्यावरून घालणं माझ्या हातात होतं. पण तसंच करायचं तर बटणं काय वाईट होती?

मी पोलकं घेऊन बाहेर आले, तिथे अण्णा आणि इस्माईलचाचा उभे होते. इस्माईलचाचांनी पोलकं हातात घेतलं, आत हात घालून पाहिलं, आणि म्हणाले, "अण्णा, ही तर थैली झाली."

मग आक्काच हसली. "बाजारात न्यायला बरी," म्हणाली. तिच्या त्या हसण्याने मला इतकी लाज वाटली की मी खाली गेले आणि पत्रक घेऊन आले. अण्णांनी मागची बाजू बराच वेळ पाहिली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण चित्र कळत होतं.

"हे आधी होतं का इथे?"

"हो."

त्यांनी मान डोलावली. एवढंच. पुढे आयुष्यभर ते त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, आणि त्यांनी बोलावं म्हणून मी वाट बघत राहिले.

संक्रांत चार दिवसांवर होती. त्यांनी चिमट्याने बूड काढून टाकलं. काढताक्षणी धावता निसटून त्यांच्या तळहातावर पडला आणि पोलक्याचे दोन भाग वेगळे झाले. "आता उघडतं," अण्णा म्हणाले.

"आणि लागतं कसं?" आक्काने विचारलं.

त्या दुपारी मी अण्णांबरोबर तांबट आळीत गेले, चित्राचा अर्थ सांगायला. तिथल्या एका म्हाताऱ्या तांबटाशी अण्णांचा घरोबा होता. आजूबाजूला गुडघाभर उंचीच्या घागरी, पातेली, बंब. त्याने चेन डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली.

"शिंपीबुवा, मी माणसांची भांडी करतो. उवांची कधी केली नाहीत."

"करून बघा."

"पोरीसाठी का?"

"हो."

त्याने हातोडी खाली ठेवली आणि नातवाची फूटपट्टी मागितली. आम्ही त्या दांडीला खीळ म्हटलं आणि खोबणीला पेटी. ही दोन नावं अण्णांनी आळीत उभ्या उभ्या ठेवली, ठोक्यांच्या आवाजात ओरडून. ह्या वेळी कुणी हसलं नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तांबटाने एका पुडीत दोन पितळी कण आणून दिले. खीळ तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी लांब, पेटी तिच्या मापाची. एवढ्याशा वस्तूला त्याने चिंच लावून झळाळीसुद्धा आणली होती. पैसे काही घेईचना.

खीळ धावत्यातून खाली जाऊन पेटीच्या तळाला टेकली पाहिजे. केसभर वर राहिली तर एका बाजूचे दात एकाने पुढे राहतात, धावता तीन-चार दात जाऊन अडतो आणि मग मागेही येत नाही. अण्णांच्या हाताने ती दर वेळी बसली. माझ्या हाताने बसली. आक्का रोज निरगुडीचा शेक घेऊन उन्हात बसे आणि दोन्ही तळहातांत ती टोकं धरून, खालचा ओठ चावत, खीळ पेटीत घालायचा प्रयत्न करी. जावयांचा निरोप आला होता की पुढच्या गुरुवारी दुपारी येतो. तिच्याकडे आठ दिवस होते. सकाळी तिला ते कधीच जमलं नाही. पण दुपारी, उन्हाने हात सैल झाले की, पहिल्या दिवशी एकदा जमलं. मग दोनदा. बुधवारी दुपारी दहा वेळा केलं तर सात वेळा जमलं. जमलं की ती धावता गोफाने वर ओढी, आणि तो आवाज खाली दुकानापर्यंत जाई, आणि अण्णांचं मशीन क्षणभर थांबे.

बुधवारी ती मला म्हणाली, "धाकटे, शकूला आता मला उचलून घ्यायला जमेल का गं? मनगटांवर?"

"जमेल की. तांब्या घेतेस."

"तांब्या हलत नाही," ती म्हणाली, आणि हसली.

गुरुवारी सकाळी, आठही वाजले नसतील, खाली घोड्याची टाप वाजली. स्टेशनापासून गावात येणारी ट्राम बंद झाल्यापासून बाहेरगावचा माणूस स्टेशनाकडून टांग्यानेच येई. जावई उतरले, काखेत शकू होती, लोकरी टोपडं घातलेली. "सिन्नरहून स्टेशनापर्यंत येणारी भाजीची मोटार पहाटेच निघाली," ते अण्णांना म्हणत होते. "मग म्हटलं, दुपारपर्यंत कशाला थांबायचं?"

थंडी मी म्हणत होती. आक्काच्या मुठी अजून उघडल्या नव्हत्या. शेक द्यायला पाला तव्यावर टाकलेला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डाळिंबी पोलकं उचलून आतल्या खोलीत गेली.

"आक्का, मी येते."

"तू येऊ नकोस."

"कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," ती म्हणाली, आणि खांद्याने दार लोटलं.

मी दाराशी उभी राहिले. तव्यावरचा पाला करपू लागला तरी मी हलले नाही. खाली अण्णा पाहुण्यांना चहा देत होते. आतून काहीच आवाज येत नव्हता. मग पितळावर पितळ घासल्याचा बारीक आवाज आला. परत. परत. मी प्रत्येक वेळी मनात म्हणत होते, टेकव, अजून जरा खाली टेकव. खालून जावयांचा आवाज आला, दबका, माणसाला विचारायची लाज वाटते तसा. "आता स्वतःचं स्वतः करते ना?"

"करते," अण्णा म्हणाले.

त्याच वेळी आत धावता निघाला. कर्र. आणि थांबला. तीन-चार दातांवर.

मी अजून तो आवाज थांबलेला ऐकते. त्यापुढे खूप वेळ काही नव्हतं. तांबट आळी जागी होत होती, पहिल्या हातोड्या पडू लागल्या होत्या. दाराला कडी नव्हती, ते ढकललं की उघडणार होतं. माझा हात दारावर होता. तिने नको म्हटलं होतं आणि मी तिचं ऐकलं. आज्ञाधारकपणा होता की भित्रेपणा, ते मला आजही सांगता येत नाही.

ती बाहेर आली ती शाल पांघरून, एका मनगटाने शाल छातीशी घट्ट धरून. थंडी होती, शाल घेण्यात नवल काहीच नव्हतं. ती सावकाश जिना उतरली. जावई उठून उभे राहिले. ते वाईट नव्हते, हे मी आज लिहिते आहे तसंच तेव्हाही मला वाटलं होतं. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं, ते दिसलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

शकूने तिला ओळखलं. तिने दोन्ही हात वर केले. "आई, घे."

आक्काचा एक हात शालीत होता. ती दुसऱ्या हाताकडे झुकली, थांबली. शकू हात वर करून तशीच उभी होती. "आई, घे ना." आक्का खाली बसली, म्हणजे तिला मांडीत घेता आलं असतं, आणि शकूने धावत येऊन तिच्या गळ्यात हात टाकले. शाल सुटली.

जावयांनी लगेच भिंतीकडे तोंड फिरवलं. तिथे पुतळा होता. ते पुतळ्याकडे बघत राहिले. इस्माईलचाचांनी उठून दुकानाचं दार अर्धं लोटलं, रस्त्यावरून दिसू नये म्हणून, आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. शाल मी उचलून घातली. कुणीतरी घालायलाच हवी होती.

"थंडी संपली की बघू," जावई म्हणाले. ते अण्णांना म्हणाले नाहीत, आक्कालाही नाही. टांगा थांबूनच होता. शकूला काखेत घेताना तिने तिळगुळाची पुडी घट्ट धरली होती, आणि रडत नव्हती, कारण टांग्यात बसायचं होतं.

आक्काने त्यानंतर दोन हिवाळे काढले. सिन्नरला ती परत गेली नाही. सकाळी मी तिची बटणं लावायची आणि ती आढ्याकडे बघायची. अण्णांकडे पुढे कॅम्पातून चेनेची कामं येऊ लागली, खूप येऊ लागली. ती कामं ते इस्माईलचाचांकडे सरकवत. चाचा घेत. त्यांचं मशीन तेव्हापासून पळत नसे.

मी मात्र शिकले, मास्तरीण झाले, तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. पान उलटून मागे काय आहे ते बघा, हे मी प्रत्येक वर्गात इतकं सांगत असे की मुली माझी नक्कल करत.

शकूला यातलं काही आठवत नाही. तिला टांगा आठवतो. सिन्नरला नवी आई आली, तिने तिला नीट वाढवलं. आता शकू गंगापूर रोडला राहते, नवरा सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाला आहे, आणि मी तिच्याकडे असते. गेल्या थंडीत ती सहज म्हणाली, "मावशी, सकाळी बोटं वळतच नाहीत गं. गाऊनची बटणं म्हणजे एक शिक्षाच झाली. चेन लावून टाकते." मी तिची बोटं हातात घेऊन पाहिली. सांधे ओळखीचे होते.

मी पायरीवरून उठले आणि पुन्हा दुकानात गेले. मुलगी दुसऱ्या गिऱ्हाइकात होती. तिला सवड झाली तेव्हा मी म्हटलं, "खालून उघडणारी."

तिने काढली, सवयीने उघडून, लावून, वर ओढून दाखवली. "ही पिन ह्या बॉक्समध्ये नीट बसवायची, आजी. नाहीतर अडकते."

"हो," मी म्हटलं.

आमच्या गल्लीतल्या बाईने गाऊन शिवून दिला. आज सकाळी शकूने तो पहिल्यांदा घातला. मी तिच्या खोलीच्या दाराशी होते. दार उघडंच होतं. तिने दोन टोकं धरली, खीळ पेटीच्या कडेला लागून घसरली. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा मी माझे हात पदरात धरले.

शकूने मान वर केली, मला पाहिलं, आणि दोन्ही टोकं माझ्याकडे धरली. "लाव गं जरा, मावशी," म्हणाली, आणि लगेच खिडकीबाहेर बघत दूधवाला आला का म्हणून विचारू लागली.

मी खाली वाकले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, खीळ मी बोटानेच चाचपली. ती तळाला टेकली. मग मी धावता वर नेला, आणि तो कुठेच थांबला नाही.